एका फ्लॉपीत मावलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी आयुष्यात एकदाच साफ केला. त्यानंतर मला घरातलं दुसरं काहीही साफ करायला कोणी सांगितलेलं नाही. एवढा फायदा सोडला, तर त्या प्रकरणात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची, जळगावची. आमच्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे होता. लोक तो बघायला चपला बाहेर काढून येत. (आमची मुलगी झाली तेव्हासुद्धा इतकी माणसं आली नव्हती, आणि आली त्यांनी चपला काढल्या नव्हत्या.) कॉम्प्युटर माझा नव्हे, सुनंदाचा. सुनंदा म्हणजे माझी बायको. धुळ्याच्या भामरे सरांच्या क्लासमध्ये ती मराठी टायपिंग शिकली आणि शिकवण्या घेऊन घेऊन तिने हे यंत्र घरी आणलं. मराठी लिहायचं सॉफ्टवेअर टाकायला भामरे सर स्वतः आले होते, स्टीलच्या डब्यात अकरा फ्लॉप्या घेऊन. डबा उघडला तेव्हा मला वाटलं जेवण आणलंय.

मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होतो. तिथलं काम सोपं असतं. पाकिटावर काय लिहिलंय ते बघायचं, वहीत नोंदवायचं, पुढे ढकलायचं. आत काय आहे याच्याशी आपला संबंध नाही. बावीस वर्षं मी एकही पाकीट न उघडता इमानदारीने नोकरी केली, आणि याच सवयीने माझा घात केला.

त्या वर्षी आमच्या समाजमंडळाचा वधू-वर परिचय मेळावा दिवाळीच्या आधीच्या रविवारी पाचोऱ्याला होता. त्याची पुस्तिका टाइप करायचं काम सुनंदाला मिळालं. एकशे चाळीस मुलामुलींची माहिती! सगळी मुलं निर्व्यसनी, सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष. (त्या निर्व्यसनींपैकी चौघे मला रोज कचेरीखालच्या पानटपरीवर भेटायचे.) मंडळाचे अध्यक्ष नाना पारोळ्याहून येऊन सांगून गेले होते, "सुनंदाताई, रविवारले पुस्तक हातमा पाहिजे. बाकी बठ्ठं तयार शे."

सुनंदाचं हे पहिलं मोठं काम. तिला बाहेर एक खोली घेऊन स्वतःचं टायपिंग सेंटर टाकायचं होतं, आणि मेळाव्याला दुसऱ्या मंडळांची माणसंही येणार होती. पुस्तिका चांगली झाली तर पुढची कामं मिळणार, नाही तर सेंटर राहिलं बाजूला. हे मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं.

बुधवारी टायपिंग संपलं आणि कॉम्प्युटर अडून बसला. एक पान छापायला पाऊण तास लावायचा, मग तेही छापायचा नाही. शिकवणीला निघताना सुनंदा म्हणाली, "अहो, भामरे सरांना फोन करून विचाराल का, काय करायचं ते? फक्त विचारा."

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. सर घाईत होते. "डिस्क भरली असेल. सगळं साफ करून परत टाकलं तर उत्तम. पण आधी गरजेचं सॉफ्टवेअर बाजूला काढून ठेवा. नाही तर असं करा, मी आलो की..."

पुढचं मी ऐकलं नाही. बाजूला काढून ठेवायचं, साफ करायचं, परत ठेवायचं. ही तर दिवाळीची साफसफाई! गेले चार दिवस माझी मोठी बहीण, अक्का, आमच्याकडे येऊन माझ्याकडून तेच करून घेत होती. डबे अंगणात काढा, फळी धुवा, डबे परत लावा. त्यात शिकण्यासारखं काय होतं?

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. पडद्यावर छोटी छोटी चित्रं होती आणि प्रत्येकाखाली नाव. जिथे 'मराठी' लिहिलं होतं ते चित्र उचललं आणि फ्लॉपीत टाकलं. क्षणात गेलं. प्रिंटरचं चित्र टाकलं, तेही गेलं. पडद्यावरचं एकूण एक चित्र मी त्या फ्लॉपीत बसवलं, तरी फ्लॉपीत जागा उरली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

अक्का हातात झाडू घेऊन मागे उभी होती. "बठ्ठं काढी लिधं का?"

"सगळं. अकरा फ्लॉप्यांचं सॉफ्टवेअर एका फ्लॉपीत बसवलं."

"मंग तो भामरे सर अकरा कशाले लई उना व्हता?"

"त्यांना सामान नीट भरता येत नाही, अक्का."

मग मी साफ करायचा हुकूम सोडला. यंत्राने विचारलं, सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? मी 'होय' म्हटलं. सरकारी नोकरीत अशा धमक्यांची सवय असते. कॉम्प्युटरसोबत आलेली एक चकती होती, ती घालून त्याला पुन्हा चालू केलं. दोन-अडीच तासांनी पडदा असा लख्ख झाला की अक्कासुद्धा म्हणाली, "आते बरं दिसस."

आता डबे परत लावायचे. फ्लॉपी घातली, 'मराठी'वर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर एक छोटी बॅटरी आली आणि इकडून तिकडे फिरत काहीतरी शोधू लागली. बराच वेळ शोधलं. मग इंग्रजीत कळवलं की सापडत नाही. मी परत टिचकी मारली. परत बॅटरी. अशी तेरा वेळा शोधाशोध झाली. यंत्राच्या चिकाटीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तेवढ्यात सुनंदा आली. मुलामुलींची माहिती तिने वेगळ्या फ्लॉपीवर ठेवून कपाटात ठेवली होती (ती बाई पाकिटं उघडून बघणारी आहे). तिने ती फ्लॉपी घालून उघडली. माहिती सगळी होती, पण मराठी अक्षरं दाखवणारं सॉफ्टवेअरच जागेवर नव्हतं. एकशे चाळीस निर्व्यसनी आणि गृहकृत्यदक्ष जीव इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणांत बुडाले होते.

"तुम्हाला विचारायला सांगितलं होतं," सुनंदा म्हणाली.

"विचारलं."

"मग?"

"मग केलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती ती फ्लॉपी काढून परत कपाटात ठेवली. मला खरोखर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून चूक कबूल करावी असं मला तेव्हा वाटलं नाही. "मशीनमध्येच बिघाड आहे," मी ठणकावून सांगितलं. "उद्या धुळ्याला नेऊन सरांना दाखवतो."

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरचं खोकं जुन्या चादरीत बांधलं, सोबत माझी ती ऐतिहासिक फ्लॉपी घेतली आणि एसटीत मांडीवर खोकं घेऊन बसलो. पारोळ्याला एक आजोबा शेजारी आले. चादरीत बोट खुपसून त्यांनी विचारलं, "टीव्ही शे का?"

"नाही, कॉम्प्युटर."

"पडदा कोठे शे?"

"पडदा घरी आहे."

"मंग हाई काय कामनं?"

धुळ्यापर्यंत मी त्यावर विचार केला.

धुळ्यात सरांच्या दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, सर गावी साक्रीला गेलेत. मी खोक्यासकट साक्रीची गाडी पकडली. तिथे आठवड्याचा बाजार भरलेला. मिरच्या, पणत्या, कोंबड्या यांच्यातून मी चादरीचं गाठोडं खांद्यावर घेऊन फिरत होतो. दोघांनी विचारलं, केवढ्याला देणार. शेवटी भामरे सर सापडले, लक्ष्मीपूजनाच्या केरसुण्या घेताना.

मी सगळी हकीकत सांगितली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाजूला काढलेलं सॉफ्टवेअर कुठंय?"

मी खिशातून फ्लॉपी काढली.

"एकच?"

"एकच. आणि तीही भरली नाही!"

सरांनी हातातली केरसुणी उलटी धरली. त्यांच्या मनात काय चाललंय याची मला थोडी धास्ती वाटली. मग ते म्हणाले, "भाऊ, पडद्यावर दिसते ती नुसती दाराची पाटी. घर आत असतं. तुम्ही घरोघरच्या पाट्या उपटून नीट फ्लॉपीत ठेवल्या, आणि घरं पाडली."

बाजारात उभ्या उभ्या मला बावीस वर्षांची नोकरी आठवली.

"आता हो?"

"आता काय. चला, परत घरं बांधू."

आम्ही धुळ्याला आलो. कपाटातून तो स्टीलचा डबा निघाला. एकामागून एक अकरा फ्लॉप्या. नववी फ्लॉपी तीनदा अडकली, प्रत्येक वेळी पहिलीपासून सुरुवात. शुक्रवारी दुपारी पडद्यावर मराठी अक्षरं उमटली तेव्हा मी सरांच्या पायाच पडणार होतो. सरांनी पाय मागे घेतले. "फक्त एक करा भाऊ. याला परत हात लावू नका."

संध्याकाळी खोकं छातीशी धरून गल्लीत शिरलो. आमच्या ओट्यावर गल्लीतल्या दहा-बारा बायका आणि कॉलेजच्या पोरी बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर पाट, पाटावर कागद. मंडळाच्या पिशवीतले तेलकट, चुरगळलेले मूळ फॉर्म समोर ठेवून त्या एकेका उमेदवाराची माहिती सुवाच्य अक्षरात उतरवून काढत होत्या. सुनंदा मध्ये बसून तपासत होती.

"झाला दुरुस्त!" मी म्हणालो.

"ठेवा तिकडे," सुनंदा मान वर न करता म्हणाली. "एकशे बत्तीस झाले. आठ राहिलेत. चहा करता येईल का? फक्त चहा."

मी चहा केला. शनिवारी पुस्तिका झेरॉक्स होऊन, टाचून तयार झाली. मी धुळे-साक्री करून आणलेलं सॉफ्टवेअर तिच्यातल्या एकाही पानाला लागलं नाही.

रविवारी पाचोऱ्याच्या मंगल कार्यालयात मी सुनंदाच्या मागे उभा राहिलो. टाइप केलेली पुस्तिका कबूल केली होती आणि हातात पडली हाताने लिहिलेली. नाना आता काय म्हणतात? नानांनी चष्मा लावून चार पानं उलटली, मग आणखी चार.

"हाई हातनं लिखेल शे का?"

"हो नाना," सुनंदा म्हणाली. "कॉम्प्युटर ऐनवेळी बंद पडला."

"बरं व्हयनं. त्या मशीननं अक्षर माले वाचाता येत नही."

तिथून वारं फिरलं. मुलांच्या आया पानं दाखवून विचारू लागल्या, हे अक्षर कुणाचं, ते कुणाचं. लिहिणाऱ्या पोरींपैकी दोघींना तर जागेवर स्थळं आली, त्यांची माहिती पुस्तिकेत नसताना! चाळीसगावच्या एका मंडळाने सुनंदाला हस्तलिखित पुस्तिकेचं काम दिलं, अमळनेरच्या एकाने टायपिंगचं. ती परत परत पदराने घाम पुसत होती आणि हसत होती. बुधवारनंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं आणि मला फार हलकं वाटलं.

मग नानांनी माइक हातात घेऊन तिला विचारलं, "ताई, या कामले मदत कोणी करी?"

सुनंदाने बायकांची नावं घेतली. सगळ्यात शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि आमचे हे. यांच्याशिवाय पुस्तिका हाताने लिहिली गेलीच नसती."

टाळ्या पडल्या. नानांनी मला वर बोलावून शाल पांघरली, नारळ दिला. मी हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला. दोन शब्द बोलायचा आग्रह झाला तेव्हा, निःस्वार्थ सेवेचं महत्त्व या विषयावर पाच मिनिटं बोललोसुद्धा.

घरी आल्यावर सुनंदाने माझ्या खांद्यावरची शाल उतरवली, झटकली आणि कॉम्प्युटरवर नीट चारी बाजूंनी झाकून टाकली.

"शाल तुमची," ती म्हणाली. "हवी तेव्हा धुवा. तिच्या खालचं सगळं माझं."