खदानीच्या काठावरचं घर

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही — बायकोलेही नाही. तुमाले सांगून राहिलो.

मी पटवारी. सौसरकडच्या एका मँगनीजच्या खदानीच्या गावाचा नक्शा ड्रोननं करायचा होता. रीत अशी — आधी हरेक घराभोवती चुन्याची रेघ मारायची. वरून रेघ दिसली तरच घर नक्शात येते अन् घरवाल्याले मालकीचा कागद भेटते. रेघ नाही, तर घर नाही.

सकाळपासून चुना टाकून राहिलो होतो. शेवटचं घर उरलं — खदानीच्या काठावरचं, कौशल्याबाईचं. एकटी बाई. नवरा जिंदगीभर त्याच खदानीत खपला. तिनं मले पाणी देल्लं अन् म्हणे, "भाऊ, आधी खदान तर पाहून घ्या."

पाहिली — अन् काय सांगू बाप्पा! एवढे नक्शे केले, पण जमीन अशी आतून उघडी कधी पाहिली होती? काळे चमकणारे थर, एकाखाली एक, पार खोल गेलेले. तळाशी हिरवंगार पाणी अन् त्यात अख्खं आभाळ. हे सारं माणसाच्या हातानं खोदलं? डोळ्यात पाणी आलं माह्या, खरंच. तेवढ्यात ड्रोन उठला, कपारीतली पाखरं भर्रकन उडाली — अन् मी लेकरावानी तोंड वासून पाहतच राहिलो. चुन्याचं घमेलं पायाशी तसंच.

ध्यानात कधी आलं? ड्रोन उतरल्यावर. तवाच सांगता आलं असतं — साहेब, एक घर राहिलं, पुन्हा उडवा. काय झालं असतं? दोन शिव्या पडल्या असत्या. पण मी भ्यालो. 'घर बंद, मालक हजर नाही' — असं लिहून देल्लं.

नक्शा पंचायतीत लागला, तवा कौशल्याबाई आली. कागदावर बोट फिरवत लय शोधलं तिनं. "भाऊ, माह्यं घर दिसून नाही राहिलं." सारे माह्याकडं पाहून राहिले होते. मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्या दिवशी घरी नव्हत्या."

जिच्या हातचं पाणी पेलो, तिले म्हटलं!

भांडली असती तर — पण नाही. कागदावरून बोट उचललं अन् म्हणे, "असंन बाप्पा. तुम्ही लिहिलं म्हणजे नसंन मी."

मोहल्ल्यात साऱ्याईले कागद भेटले, तिले नाही. आताही कोणी विचारलं, तुले काऊन नाही, तर ती सांगते — मी त्या दिवशी घरी नव्हती.

ती घरीच होती.