पाणी ओके

रिटायर झाल्यावर माझी पोस्टिंग पेणला झाली. ऑर्डर बायकोची होती आणि कायमची होती. सतरा वर्षं फौजेत गाडी चालवली, हवालदार होऊन घरी आलो, आणि दत्ताला गाड्यांतलं सगळं कळतं अशी अफवा तालुकाभर पसरली. ती मीच पसरवली होती.

वडखळच्या एका गृहस्थांना चौदा वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही विकायची होती. सकाळी सातला पोचलो. बॉनेटवर हात ठेवला तर गरम.

"तुम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली," गृहस्थ म्हणाले.

फौजेत साहेब इन्स्पेक्शनला यायच्या आधी आम्हीही इंजिनं अशीच गरम करून ठेवायचो. मला गहिवरून आलं. काय शिस्तीचा माणूस! उभ्या उभ्या सौदा केला. जुनी गाडी थंड असतानाच चालू करून बघायची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात ती नऊ वेळा खोकली आणि दहाव्या वेळी असा पांढरा धूर सोडला, की शेजारच्या काकू वाळत घातलेल्या साड्या काढायला धावल्या.

आमचे बाळामेस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालूनच बोलतात. "हवालदार, ही गाडी घेतली नाय तुम्ही. हिला पेन्शन चालू केलीत."

थंड इंजिन पेटवणारे चार ग्लो प्लग, अडीच हजार. क्लच, मजुरीसकट चौदा हजार. पुढच्या सस्पेन्शनचे बुश गेले होते, खड्ड्यात गाडी भांड्यांच्या पोत्यासारखी वाजायची, ते साडेपाच. इंजेक्टरचा आकडा ऐकून मी टायरवर बसलो.

"आणि रेडिएटरच्या टोपणाचं रबर सुकलंय. दोनशे रुपये," मेस्त्री म्हणाले. "टोपण बदलेपर्यंत बाजूच्या पाण्याच्या बाटलीवर भरोसा नको. बाटली भरलेली दिसंल, आत रेडिएटर रिकामा असंल. इंजिन थंड असताना टोपण उघडायचं नि बोट घालून बघायचं."

"मेस्त्री, मला शिकवताय?"

चौदा हजार दिले आणि दोनशे वाचवले.

आता हनीफचं सांगतो. लान्स नायक हनीफ रोह्याजवळच्या गावचा. उत्तरेच्या डोंगरात आमचा कॉन्व्हॉय चाले, त्यात माझ्या मागची गाडी त्याची. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या शाळेने गेल्या डिसेंबरात त्याच्या नावाची पाटी बसवायचं ठरवलं. वेळ सकाळी दहा. पडदा त्याच्या आईने काढायचा. अम्मा पेणला लेकीकडे असतात. त्यांना आणायची जबाबदारी माझी.

हेडमास्तरांनी आधीच मला विचारलं होतं, "शहिदाचे शेवटचे शब्द काय होते?" रेडिओवर ते मी एकट्याने ऐकले होते. मी सांगितलं: 'देशासाठी मी पुढे जातो.' ते पाटीवर कोरलं गेलं.

सव्वाआठला निघालो. निघण्यापूर्वी फर्स्ट परेड केली. फौजेत गाडी हलवण्याआधी तेल, पाणी, बेल्ट, टायर बघतात, ती फर्स्ट परेड. बाटली भरलेली दिसली. पाणी ओके.

गडब गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना भात कापलेल्या शेतांत वाल हिरवागार उभा होता आणि त्यावर धुकं इतकं मऊ पसरलं होतं, की रस्ता जमिनीवरून जातोय की वरून, कळेना. अम्मा मागच्या सीटवर पेंगत होत्या. नागोठण्याहून भिसे खिंडीकडे वळलो. आरशात धुक्यातून दोन पिवळे दिवे आले. तेवढंच अंतर, तोच वेग. मला खरंच वाटलं, हनीफ आहे. मी हळू केलं, त्याला जवळ येऊ दिलं. किती वेळ त्या दिव्यांकडे बघत होतो कोण जाणे. इंजिनच्या गरमीचा काटा लाल रेषेवर केव्हा गेला, ते मात्र बघितलं नाही.

मग बॉनेटमधून वाफ आली. बाजूला घेतली. दिवे आमच्या शेजारून पुढे गेले. कुणाचा तरी टेम्पो होता.

वेळ नऊ पाच.

"काय झालं रं, दत्ता?"

"गरम झाली, अम्मा. आत्ता टोपण उघडलं तर तोंड भाजेल. चाळीस मिनिटं थांबावं लागेल."

त्या उतरून दगडावर बसल्या. वाफ धुक्यात मिसळत होती. पडदा निघायच्या आत बोलायला हवं होतं.

"अम्मा, त्या दिवशीही माझीच गाडी गरम झाली होती. फर्स्ट परेडला मी पाणी बघितलंच नव्हतं. न बघता ओके लिहिलं. म्हणून हनीफ पुढे गेला. पुढच्या वळणावर कडा खाली आला."

अम्मांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आणि पाटीवरचं वाक्य माझं आहे. आमच्यात नियम होता, ज्याची गाडी रस्त्यात थांबेल त्याने पुढच्या हॉल्टला चहा पाजायचा. मी रेडिओवर म्हणालो, 'थांबलोय. इंजिन गरम. ओव्हर.' तो म्हणाला, 'तू थांब. मी फुडं जातो. चाय तुझ्यावर. आउट.' एवढंच."

अम्मांनी खिंडीखाली बघितलं.

"तुझी गाडी चालली असती तर तू गेला असतास."

"हो."

"तवा तुझी आय बी जिती व्हती." मग पदराने तोंड पुसलं. "ते देशाचं वाक्य माझ्या पोराचं नाय, हे मला कवाच कळलं व्हतं. एवढं शुद्ध तो बोलला कवा? जा, टोपण निवलं का बघ."

निवलं होतं. बोट घातलं, आत कोरडं. पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या ओतल्या. दहा वीसला शाळेत पोचलो. मुलं रांगेत उभी होती.

अम्मांनी पडदा काढला. अक्षरांवर एकदा हात फिरवला. हेडमास्तरांनी चहा आणवला. अम्मांनी ट्रेमधला एक कप उचलून माझ्या हातात दिला.

"तुझा नाय. त्याचा. ठेव."

मी सावधान झालो, दोन पावलं पुढे गेलो आणि कप पाटीखालच्या कट्ट्यावर ठेवला. वाफ माझ्या त्या बनावट अक्षरांवरून वर गेली.

लान्स नायक हनीफ. माझ्या मागची गाडी. एकदाच पुढे गेली.