घर, आतल्या सगळ्यासकट

हापिपा चिकट आहे, हे सगळं गाव सांगे आणि गाव खोटं सांगत नव्हतं. लग्नाकार्यात आमच्या बुगिस जमातीच्या बाकीच्या बायका कोपरापर्यंत सोनं घालून मिरवायच्या, हिचे हात मात्र मोकळे. नवरा बेद्दू मलेशियात पामच्या मळ्यात राबून पैसे पाठवी. ही स्वतः केळी तळून विकी आणि दोघांच्या कमाईचं सोनं घेऊन तांदळाच्या डब्यात तळाशी दडवी. पण कुणाकडे कार्य निघालं की सगळ्यांच्या आधी विळी घेऊन हजर असायची तीच. तिच्या काटकसरीला हसणाऱ्या बायकांनी हे जरा सोयीस्करपणे विसरायला नको होतं.

ती राहायची थोरल्या बहिणीकडे. मास्ना वाईट नव्हती, पण तिच्या तोंडात 'माझं घर' फार. "माझ्या घराचं दार आहे, हळू लाव." "माझ्या घरात दुपारी तळण नको." हापिपा दार हळू लावायची आणि एक केळं जास्त विकायची. तिला आपलं घर हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

गावाच्या कडेला जमिनीचा तुकडा तिने आधीच घेतला होता. मग बेद्दू परत आला आणि त्याच सुमारास गावातल्या पैसेवाल्या हाजी मुस्तारीने विटांचं घर बांधायला काढलं. आता त्याला जुनं लाकडी घर जागेवरून हलवायचं होतं. आमच्याकडे घराचे खांब दगडांवर नुसते टेकलेले असतात, त्यामुळे जमीन न विकता घर विकता येतं. हापिपा गावचा जुना सुतार सेन्नांग, ज्याला सगळे उवा म्हणजे काका म्हणत, त्याला घेऊन हाजीकडे गेली आणि अर्धी सकाळ घासाघीस केली.

"हे फळकूट बदला, ते पत्रे काढून न्या, असं काही चालायचं नाही हं," हाजी शेवटी वैतागून म्हणाला. "जसं आहे तसं घे. आतल्या सगळ्यासकट!"

"घेतलं, पुआंग," हापिपा त्याला मानाने हाक मारत म्हणाली. "उवा, तुम्ही ऐकलंत ना?"

किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. हाजीची अट एकच होती: रविवारी दिवस मावळायच्या आत जागा मोकळी झाली पाहिजे, नाहीतर सौदा मोडला आणि दिलेली अनामत बुडाली. ती अनामत म्हणजे डब्यातलं जवळजवळ सगळं सोनं होतं. घर सुटं करून ट्रकने न्यायचे पैसे आता कुठून आणणार? मग एकच वाट उरली. गावाच्या खांद्यावर घर न्यायचं, जसं पूर्वी नेत.

शुक्रवारी मशिदीत पुकारा झाला. पुरुष कुरकुरले. "बेद्दू इतकी वर्षं परदेशात. त्याने कुणाच्या घराला खांदा दिलाय?" त्यावर घराघरांत बायकांनी काय सुनावलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "आपल्या पोरीच्या लग्नात पन्नास कोंबड्या कुणी सोलल्या, तुझ्या आईने? ऊठ!" रविवारी सकाळी माणसं आली, पण तरणी पोरं बाहेरगावी गेलेली. आले ते बहुतेक पिकल्या केसांचे.

खांबांना आडवे बांबू बांधले. उवा सेन्नांग ओरडला, सगळ्यांनी जोर केला, घर कण्हलं आणि तिथेच बसलं. पुन्हा जोर केला, एक कोपरा वीतभर उचलला आणि धपकन खाली आला. हाजी समोर खुर्ची टाकून कॉफी पीत होता. चार दांडगे मुलगे आणि गवंड्यांची टोळी त्याच्या मागे हाताची घडी घालून उभी.

उवा सेन्नांगने घराचा मधला खांब पाहिला. त्याला आम्ही नाभी म्हणतो, घर हलवण्याआधी त्याच्या माथ्याला, माळ्यापाशी नारळ बांधून त्याचा मान करावा लागतो. इथे हात पोचेल तिथेच बांधलेला नारळ लोंबत होता, लिंबाएवढा म्हटलं तरी चालेल.

"हापिपा, अगं खांबाशीसुद्धा घासाघीस केलीस?"

सगळे खो खो हसले. हापिपाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच तिने नारळात वाचवलं होतं. मास्ना धावत घरी गेली आणि आपल्या झाडाचा सगळ्यात मोठा नारळ घेऊन आली.

माळ्याची शिडी हाजीने आधीच काढून नेली होती. "माळा रिकामा केलाय, बघायची गरज नाही," असं तो म्हणालाही होता. हापिपा बेद्दूच्या खांद्यावर चढली, नारळ बांधायला डोकं वर काढलं आणि तशीच थांबली.

"बेद्दू," ती म्हणाली, "इथे तांदूळ आहे."

जुन्या चटयांखाली पोत्यांची थप्पी, अर्धा माळा भरून. भाव वाढायची वाट बघत ठेवलेली. हाजी विसरला की त्याने विसरल्याचं सोंग केलं, देव जाणे. मला माझं मत आहे.

"माझी आहेत ती! उतरवा!" हाजी उठलाच.

"पुआंग, आतल्या सगळ्यासकट म्हणालात."

"म्हणाला," उवा सेन्नांग म्हणाला. "माझे दात गेलेत, कान नाही."

हाजीचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढ्या तांदळात हापिपाचं सोनं परत आलं असतं, आणि चिकट हापिपा आता काय करते म्हणून अख्खं गाव श्वास रोखून उभं राहिलं.

"एक पोतं आज सगळ्यांसाठी शिजेल," ती वरूनच म्हणाली. "बाकीची तुमची तुम्हाला, पुआंग. बदल्यात तुमचे मुलगे, गवंडी आणि तुम्ही. टोपी काढा आणि बांबूखाली या."

आयुष्यभर पैसा पैसा जोडणाऱ्या बाईला त्या क्षणी नेमकं काय कमी आहे ते कळलं होतं. मला तिचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

पोती उतरली. हाजी धुसफुसत पुढच्या बांबूखाली शिरला. आरोळी उठली आणि घर उचललं गेलं, पत्र्यांसकट, खिडक्यांसकट, नव्या नारळासकट, आणि गावातून चालू लागलं. हाजी घामाने निथळत होता, बायका त्याच्या नावाने आरोळ्या देऊन त्याला चेतवत होत्या, आणि अर्ध्या वाटेवर तो स्वतःच हसायला लागला.

दिवस कलला तेव्हा खांब नव्या दगडांवर बसले होते. जेवणं उरकली, माणसं पांगली. हापिपा उंबऱ्यात पाय सोडून बसली होती. एवढ्यात नेहमीच्या सवयीने मास्नाने लांबून हाक मारली.

"हापिपा, अंधार पडतोय, घरी ये!"

हापिपाने उंबऱ्यावर तळहात टेकवला. मग म्हणाली, "मी घरीच आहे, ताई."