पंख्याखालच्या चापा

गारखेड्यातल्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, पोर्कच्या चापांना वारा लागल्याशिवाय चव येत नाही. हा शोध माझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा.

रविवारी सकाळीच तो चापांना मीठ चोळतो, परातीत मांडतो आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्यांच्यावर लावतो. आम्ही पाहुणे घाम पुसत बसतो. तक्रार केली की म्हणतो, "तुम्हाला काय तव्यावर टाकायचंय व्हय? ओली चाप नुसती उकडती, भाजत नाय." चापा कोरड्या झाल्या की वाटलेला लसूण आणि येसर मसाला, तोही तान्ह्या बाळाला तेल लावावं इतक्या हलक्या हातानं.

हा मसाला पिशोरहून त्याची थोरली बहीण पाठवते. गेल्या रविवारी अक्का स्वतःच आल्या. ताटाकडं बघून म्हणाल्या, "माझा येसर रश्श्यासाठी असतो. रस्सा कुठंय?"

शेजाऱ्यानं अक्कांना एक चाप वाढली आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच पंखा माणसाकडं वळवला. मग हातात उलथनं धरून निकालाची वाट बघत उभा राहिला. अक्का शांतपणे हाडापर्यंत पोचल्या. मी माझी चाप तशीच ठेवून भावाबहिणीची ही गंमत बघत होतो. अक्कांनी हाड चोखून बाजूला ठेवलं आणि माझ्या ताटाकडं बोट केलं.

"भाऊ, तुम्ही नुसतं बघायलाच आलाय ना? मग ती चाप सरकवा इकडं."