तीन पिसांची पाकिटं

बाईंनी पाकिटाची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग आतलं अस्तर बाहेर ओढून शिवण पाहिली. मी नुकतंच लावलेलं हळदकुंकू त्यांच्या कपाळावर तसंच होतं. माझ्या सुनेकडे वळून त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. त्यात ‘फाल्श’ हा शब्द होता. फाल्श म्हणजे खोटं, एवढं जर्मन मला येत होतं. पण खोटं काय, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग त्यांनी मलाच विचारलं, “वोहेर?”

“आजी, कुठून?” नात म्हणाली. पाच वर्षांची पोर. मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्या दिवशी नेमकी मराठीत बोलली.

मला वाटलं, बाईंना पाकीट आवडलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “पुण्याहून मागवलीत, डझनाच्या भावात. फर्स्ट कॉपी आहे म्हणावं. साधी डुप्लिकेट नव्हे!”

नातीने बाकीचं जर्मनमध्ये सांगितलं आणि ‘फर्स्ट कॉपी’ तसंच ठेवलं. ते दोन शब्द तिथे सगळ्यांना कळले.

सून माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावर तीच तीन सोनेरी पिसं होती, जी माझ्या पाकिटांवर होती. ती पिसं म्हणजे बाईंच्या कंपनीची खूण. आणि माझी सून त्या पिसांचा खोटा माल इंटरनेटवर शोधून काढायचं काम मागत होती.

आम्ही तेव्हा जर्मनीत, उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात राहत होतो. मुलगा वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात, शुक्रवारी घरी यायचा. आमचे हे थंडीला घाबरून पुण्यातच राहिले. घरात मी, सून आणि नात. नेटवर लिलाव लावून वस्तू विकायचं तेव्हा नुकतंच वाढायला लागलं होतं, आणि त्याबरोबर खोटा मालही. सुनेच्या कंपनीने ठरवलं की मोठ्या कंपन्यांसाठी हा माल हुडकायचा, तो विकणाऱ्यांना पत्रं पाठवायची, तो तिथून उतरवायचा. सगळं काम आपल्याकडे घ्यायचं, त्या कंपन्यांच्या डोक्याला ताप नको. त्यासाठी एक खोली आणि एक टीम उभी करायला सुनेला सांगितलं होतं. पिसांच्या कंपनीने काम दिलं तर टीमची प्रमुख तीच होणार होती. परदेशातली, एका पोरीची आई, आणि वर प्रमुख. हे तिला किती हवं होतं, ते मला ठाऊक होतं. ती झोपेतसुद्धा दात आवळायची.

खोली तिने स्वतः लावली. टेबलं अशी, की कोणालाही मान वळवली की पडदा दिसावा. पण खरी मेहनत त्या पडद्यावरच्या बोर्डाची. दोन माणसांनी एकाच दुकानदाराला दोन पत्रं पाठवायची नाहीत, एकाने बघितलेलं दुसऱ्याने पुन्हा शोधायचं नाही, म्हणून सगळ्यांचं काम एकाच ठिकाणी. लाल म्हणजे नुकतं सापडलं, पिवळं म्हणजे पत्र गेलं, हिरवं म्हणजे माल उतरला. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. खात्री करायला मुद्दाम विकत घेतलेला खोटा माल त्यात चिठ्ठी लावून ठेवायचा. ते अजून रिकामं होतं.

हे सगळं ती आधी मला समजावून सांगायची. स्वयंपाकघरात लॅपटॉप मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून.

“आई, तुम्हाला कळलं ना, की टीमला कळेलच. म्हणून तुमच्यावर टेस्ट करतेय.”

“म्हणजे मी ढ, असंच ना?”

“अहो आई, असं काय! तुम्ही स्पष्ट बोलता. नाही कळलं तर नाही म्हणाल.”

मी चौथी शिकलेली. पण मी ‘नाही कळलं’ म्हणाले नाही. कळलं, कळलं म्हणत राहिले. रंग कळले होते, कपाट कळलं होतं. मला कळलं नव्हतं ते एवढंच, की डुप्लिकेट मालात वाईट काय. आमच्याकडे फर्स्ट कॉपी म्हणजे चांगला माल. दुकानदार आतून काढून दाखवतो. लग्नात देतात, कोणी नाक मुरडत नाही. रोज लॅपटॉपच्या पडद्यावर ती तीन पिसं बघून मी मनाशी धरलं, की ही सुनेच्या कंपनीची खूण. जसं एखाद्या दुकानाच्या पिशवीवर असतं तसं.

संक्रांत आली. हळदीकुंकू करायचं तर वाण लुटायला हवं, आणि एकसारखी वस्तू डझनाने जर्मनीत कोण देणार? मी धाकट्या बहिणीला फोन केला. पडद्यावरची पिसं बघून बघून पाठ झाली होती. तिला सांगितलं, मधलं पीस लांब, बाजूची दोन आखूड, सोनेरी.

आठवड्याने तिचा फोन. “ताई, अगदी तश्शीच मिळाली. फर्स्ट कॉपी! तुझ्या सुनेची साहेबीण ओळखणार नाही.”

“ओळखू दे की. तिच्याच कंपनीची खूण आहे.”

“मग तर काय, नाचेल!”

तिकडून एक ओळखीचा इंजिनियर येणार होता, त्याच्या बॅगेतून पाकिटं आली. सुनेला मी सांगितलं नाही. म्हटलं, बघून खूश होईल.

बाई येणार त्या दिवशी किंडरगार्टन बंद, म्हणून नातही घरी होती. सून म्हणाली, “आई, तुम्हाला बोर्ड कळलाय, आता तिथे चालताना बघा. तुम्ही दोघी ऑफिसला चला. कोपऱ्यात बसा. तिळगूळ घ्या बरोबर, सगळ्यांना एक एक देऊ. छान वाटेल.” तिळगूळ तिने सांगितला होता. हळदकुंकवाची कुयरी आणि पाकिटं मी माझ्या पिशवीत घातली.

आधी सगळं चांगलं चाललं होतं. सून बोर्ड दाखवत होती, बाई “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत मान हलवत होत्या. सून थांबल्यावर मी उठले. बायकांना हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात पाकीट ठेवलं. टीममधला एक उंच मुलगा हसून काहीतरी म्हणाला. नात म्हणाली, त्यालाही पाकीट पाहिजे. मी म्हटलं, “पुरुषांना वाण नसतं, सांग त्याला.” सगळे हसले. पडद्यावरून नजर काढून सून माझ्या हाताकडे बघायला लागली, तेव्हा शेवटचं पाकीट मी बाईंच्या हातात दिलं होतं.

फर्स्ट कॉपी म्हणून झाल्यावर खोलीत कोणी हसलं नाही. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या म्हणाल्या, बरं तर, तुमचा बोर्ड तयार आहे, तर आता दाखवा कसा चालतो तो.

सून खुर्चीवर बसली. बोर्डावर पहिला लाल चौकोन उघडला. पाकिटाचा फोटो काढला. मग माझ्याकडे वळली. त्या दिवशी पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“आई, कोणी पाठवली?”

“माझ्या बहिणीने. तुला माहीत आहे.”

“मला माहीत असून चालत नाही. तुम्ही सांगायचं. दुकान कुठलं?”

“अगं, दुकान कसलं, बोळातली टपरी.”

“कुठला बोळ?”

मी सांगितलं. ती जर्मनमध्ये लिहीत गेली. तिचा आवाज दवाखान्यात नाव विचारणाऱ्या बाईसारखा होता. सगळे ऐकत होते. मला बोळाचं, टपरीचं काही नव्हतं. मला लाज वाटली ती, तिला मला असं विचारावं लागतंय याची. मी ‘कळलं’ म्हणाले नसते, तर ती मला घरीच ठेवून आली असती.

मग तिने एकेकीकडून पाकिटं परत घेतली. “एंटशुल्डिगुंग,” प्रत्येकीला म्हणाली. माफ करा. माझ्यासाठी माफी मागत ती खोलीभर फिरली. एका पाकिटाला कुंकवाचं बोट लागलं होतं, ते तिने पुसायला घेतलं आणि थांबली. पुराव्याचा माल आहे तसाच ठेवायचा असतो. चिठ्ठ्या लावल्या, कपाट उघडलं, पाकिटं आत ठेवली, किल्ली फिरवली. तिने हौसेने आणलेल्या कपाटात पहिला माल माझा.

गाडीत मी म्हणाले, “बोल मला. काय बोलायचं ते बोल.”

ती म्हणाली, “पट्टा लावा, आई.”

एवढंच. घरी गेल्यावर तिने भात लावला.

काम त्यांना मिळालं. बाईंना बोर्ड आवडला होता, खरं ते खरं. पण त्यांनी एक अट घातली. आपल्या कामाचा प्रमुख दुसरा कोणी असावा. कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तो उंच मुलगा प्रमुख झाला. सुनेने लावलेल्या खोलीत, सुनेच्या बोर्डावर, कुठल्या रंगाचा अर्थ काय हे सुनेने त्याला शिकवलं. माझा मुलगा शुक्रवारी घरी आला, तिने त्याला सांगितलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलं. माझं नाव तिने घेतलं नाही. “क्लायंटने दुसरा माणूस मागितला,” एवढंच म्हणाली.

मग धाकट्या बहिणीचा फोन आला.

“ताई, आवडली का गं पाकिटं?”

“आवडली.”

“साहेबिणीला?”

“तिलाच जास्त.”

“अजून पाठवू?”

“नको. पुरे झाली,” म्हणून मी फोन नातीच्या हातात दिला.

त्यानंतर सुनेने मला काही समजावून सांगायला लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला नाही. तिथे आता फक्त मसाल्याचा डबा असे. मी कधी विचारलं, “काय चाललंय ऑफिसात?” तर म्हणायची, “चाललंय, आई.”

त्या दिवशी त्या खोलीत आमच्या घरातल्या आम्ही तिघी होतो. मी, माझी सून आणि माझी नात. तिघींपैकी कोणीच ते अजून घरात बोललेलं नाही.