यंत्रावर धरलेली छत्री

उमेळ्यात बातमी अशी पसरली की गंगारामकाका राऊतांचं डोकं फिरलं. सकाळी साडेसहाला, भर पावसात, छत्री घेऊन सोसायटीच्या लॉनला पाणी घालत होते म्हणे. बातमी वॉचमन शत्रुघ्नने सोडली आणि दूध उतू जायच्या आत तिन्ही विंगांत पोचली. त्यातलं खरं एवढंच, की पाऊस होता, छत्री होती आणि काकाही होते. पाणी मात्र यंत्र घालत होतं. आणि छत्री काकांच्या डोक्यावर नव्हतीच मुळी.

सोसायटी उभी आहे ती काकांच्याच केळीच्या वाडीवर. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात दोन फ्लॅट आले, आणि मधोमध उरलं हे लॉन. काका त्याला आजही वाडीच म्हणतात. रोज सकाळी अनवाणी चक्कर मारायची आणि वरून कुणी वेफर्सचं पाकीट टाकलं तर सातव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा उद्धार करायचा, हा त्यांचा नेम.

पण या वाडीला पाणी लागतं, आणि पाणी येतं टँकरने. पाऊस संपला की आठवड्याला दोन. सप्टेंबरच्या सभेत सेक्रेटरी वसुंधराबाईंनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत टँकर निम्म्यावर आले नाहीत, तर गवत उपटून पेव्हर ब्लॉक. बारा गाड्या आरामात लागतील." काकांच्या हातातला सभेचा समोसा तसाच राहिला. तो शत्रुघ्नने खाल्ला.

तोड काढली सून संपदाने. इंटरनेटवरून हवामानाचा अंदाज घेऊन, ऊन-वारा बघून फवारे किती वेळ सोडायचे ते आपलं आपण ठरवणारं यंत्र. शिवाय लॉनच्या गेटच्या खांबावर वाटीएवढा सेन्सर, त्यावर पाऊस पडला की फवारे बंद. काकांनी ते स्वतःच्या पैशाने आणलं आणि रोज मऊ फडक्याने पुसायला लागले. "व्याह्यांचीसुद्धा एवढी बडदास्त ठेवली नव्हती यांनी," असं त्यांची बायको द्वारकाकाकी जिन्यात सांगत होत्या, तेही काका मागे उभे असताना.

आणि ऑक्टोबरात एका सकाळी अवेळी पाऊस आला. अंदाजात त्याचा पत्ताच नव्हता. वाडीत वाढलेल्या माणसाला एकच माहीत: सर आली की धावायचं आणि भिजू नये ते झाकायचं. काका लुंगी सावरत धावले आणि सेन्सरवर छत्री धरून उभे राहिले. सेन्सर कोरडा ठणठणीत. यंत्राच्या लेखी उमेळ्यात लख्ख ऊन. साडेसहा वाजले आणि सगळे फवारे एकदम उडाले. वरून पाणी, खालून पाणी, मध्ये काका. बाल्कन्याबाल्कन्यांतून मोबाइल बाहेर आले.

वसुंधराबाई रेनकोट चढवून खाली उतरल्या. "काका, याला पाणी वाचवणं म्हणतात?"

काकांना डोळ्यांसमोर बारा गाड्या दिसायला लागल्या. तेवढ्यात संपदा एका पायात चप्पल घालून धावत आली.

"बाबा, छत्री काढा."

"अगं, भिजेल ते."

"भिजण्याचाच पगार आहे त्याला."

काकांनी जड मनाने छत्री बाजूला केली. सगळे सेन्सरकडे बघत उभे. दोन मिनिटं गेली असतील, फवारे एकेक करत खाली बसले. वर टाळ्या पडल्या, शिट्ट्याही. पुढचे तीन दिवस यंत्राने थेंब सोडला नाही. त्यानंतरही सोडला तो अगदी चिक्कूपणाने, आणि गवत मात्र हिरवंगार.

दिवाळीच्या आधी सभा भरली. महिन्याला आठ टँकर लागायचे, ते तीनवर आले होते. पेव्हर ब्लॉकचा ठराव बारगळला. वसुंधराबाईंनी कागद मिटला, पण तोंड मिटलं तर त्या सेक्रेटरी कसल्या.

"लॉन राहू दे. पण काका, खरं सांगा, यंत्र तुमच्यापेक्षा हुशार निघालं की नाही?"

काका समोसा संपवून म्हणाले, "बाई, मीच हुशार असतो तर त्याच्यावर पैसे कशाला घातले असते?"