आइसहालेतलं हळदीकुंकू

कुंदा केळशीकर थंडीला मनापासून भितात आणि गेली सव्वीस वर्षं जर्मनीत राहतात. कोलोन आणि बॉनच्या मधल्या आमच्या गावात मे महिन्यात लोक अर्ध्या चड्डीवर आइस्क्रीम चाटत हिंडतात, तेव्हाही कुंदाताईंच्या पिशवीत एक शाल असते. त्यांचे यजमान जयंतराव गिअरबॉक्सच्या कंपनीत मेकॅनिकल इंजिनीअर, मूळचे पुण्याचे. कुंदाताई कोल्हापूरच्या, शिवाजी पेठेतल्या. सून होऊन पुण्याला आल्यावर त्यांनी बोलणं पुणेरी करून घेतलं, इथे आल्यावर जर्मन शिकून घेतलं, आणि गावातल्या किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. अशा बाईंनी दर रविवारी बर्फाशेजारी दोन तास बसावं, असं त्यांच्या पत्रिकेत कुठेही नव्हतं. ते घडलं भाडेकरूमुळे.

त्यांची मुलगी, कादंबरी, शिकायला म्युनिकला गेली आणि वरची खोली रिकामी पडली. ती बघायला सिद्धेश नावाचा मुलगा आला. गावातल्या टेक्निकल होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, मास्टर्स करायला भारतातून नुकताच उतरलेला. जयंतरावांनी त्याच्याकडे शूफाचा, म्हणजे उधारी बुडवली नसल्याचा, दाखला मागितला. कुंदाताईंनी पेठ विचारली. तो कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेतला निघाला, शिवाय एका तालमीच्या फुटबॉल संघाचा गोली. दाखला तसाच राहिला आणि खोली त्याला मिळाली.

आता होखशूलच्या आइस हॉकी संघाबद्दल सांगायला हवं. संघाचं नाव 'हेश्टे', म्हणजे नदीतले एक जातीचे दातवाले, शिकारी मासे. एके काळी हे मासे खरंच चावायचे म्हणे. पण चांगले खेळणारे सगळे पास होऊन नोकऱ्यांना लागले, वाल्डॉर्फपासून हाम्बुर्गपर्यंत पांगले, आणि संघ बंद पडला. दोन वर्षांनी होल्गर नावाच्या जुन्या खेळाडूनं तो पुन्हा उभा करायचं मनावर घेतलं. होल्गर एरवी गावातली बस चालवतो. त्यानं मेन्सामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, कागद चिकटवला: खेळाडू हवेत, स्केटिंग येत नसलं तरी हरकत नाही. या शेवटच्या अटीमुळे बरेच जण आले आणि त्यांपैकी बहुतेकांना ती अट तंतोतंत लागू पडत होती.

सिद्धेशही गेला. होल्गरनं त्याला विचारलं, गोलात उभा राहिला आहेस का कधी? तो म्हणाला, सहा वर्षं. कुठल्या खेळात, हे होल्गरनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. होल्गरला तेव्हा आनंदाच्या भरात काही सुचत नव्हतं. बर्फावर पाय ठेवताच सिद्धेश पडला, तेव्हा सगळा उलगडा झाला. पण दुसरा गोली मिळत नव्हता, आणि गोलीला फार लांब जावं लागत नाही, असं होल्गरनं स्वतःला समजावलं.

कुंदाताईंना या सगळ्याचा पत्ता लागला तो वासावरून. घराखालच्या केलरमध्ये, तळघरात, एका बाजूला त्यांचे पापड, कुरडया, गोडा मसाला. दुसऱ्या बाजूला सिद्धेशनं सरावानंतरचे पॅड, छातीचं चिलखत आणि मोजे वाळत घातले होते. गोलीचं सामान महिनोन्महिने धुवत नाहीत, नुसतं वाळवतात. जयंतराव वाईनची बाटली आणायला खाली गेले आणि बाटली न घेताच वर आले. केलरमध्ये काहीतरी मेलं आहे, एवढंच ते म्हणाले.

कुंदाताईंनी सिद्धेशला रागावून पाहिलं, मग सामान बाल्कनीत टांगलं. त्यातूनच पुढचा घोटाळा झाला. पहिल्या सामन्याच्या दिवशी सिद्धेश सगळं उचलून गेला, पण चकती झेलायचा तो मोठा चामडी पंजा कुंडीमागे पडून राहिला. त्याचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. पंजा आपणच तिथे टांगला होता म्हणून कुंदाताई शाल, जाकीट, कानटोपी अशा सगळ्या तयारीनिशी आइसहालेत, म्हणजे स्केटिंगच्या बंदिस्त मैदानात, पोचल्या. दोन्ही संघ पंज्याची वाट बघत बर्फावर गोल गोल फिरत होते. पंजा देऊन लगेच परतायचं असं त्यांनी ठरवलं होतं, पण बस तासाभरानं होती. एरवी जो ती चालवतो, तो इथे शिट्टी तोंडात धरून उभा होता.

प्रेक्षक म्हणाल तर कुंदाताई धरून सात. त्यांत एक हाइन्झ नावाचे आजोबा, गळ्यात ढोल अडकवून बसलेले. बंद पडायच्या आधीपासूनचे ते चाहते. संघ नसलेली दोन वर्षंही ते अधूनमधून येऊन रिकाम्या बर्फाकडे बघून जायचे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कुंदाताई त्यांच्या शेजारी बसल्या.

सामना कसला, गोलांचा पाऊस होता. सिद्धेश फुटबॉलच्या सवयीनं ताठ उभा राही, वरून येणाऱ्या चेंडूची वाट बघत. इथे रबराची काळी चकती बर्फावरून सरपटत येई आणि त्याच्या पायांखालून निघून जाई. नववा गोल झाला तेव्हा कुंदाताई उठून उभ्या राहिल्या. पुण्यानं आणि जर्मनीनं मिळून त्यांच्या बोलण्यावर जेवढी इस्त्री फिरवली होती, ती सगळी एका क्षणात उतरली.

"आरं सिद्ध्या, खाली हो की! चेंडू न्हाई त्यो!"

सिद्धेश दचकला. इतका दचकला, की त्याचे गुडघेच गेले. तो धपकन खाली बसला आणि चकती येऊन पॅडवर आपटली. त्या दिवशी त्यानं अडवलेली ती पहिली चकती. हाइन्झ आजोबांनी ढोल बडवला. सामना तेरा-शून्यनं गेला, पण तो संपल्यावर होल्गर काचेपाशी आला आणि पुढच्या रविवारी आपण मोकळ्या आहात का, असं त्यानं कुंदाताईंना अतिशय अदबीनं विचारलं.

पुढच्या रविवारी त्या गेल्या, त्याच्या पुढच्याही. 'खाली हो' ही हाक हाइन्झ आजोबांनी उचलली. त्यांना वाटलं ते गोलीचं नाव आहे. ढोलाच्या तालावर ते "खालिओ! खालिओ!" असं सुरू करत आणि बाकीचे पाच जण साथ देत. सिद्धेशला होखशूलमध्येही लोक खालिओ म्हणू लागले.

जयंतरावांना सुरुवातीला ओढून न्यावं लागलं. त्यांना चकती दिसतच नसे. ते कुंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघत बसत आणि त्यावरून कुणी गोल केला ते ताडत. पण या खेळात दोन मध्यंतरं असतात हे कळल्यावर त्यांचं मत बदललं. दोनदा चहा प्यायला सोडणारा खेळ सुसंस्कृतच असणार, असं ते म्हणाले.

संघ हरतच होता. मात्र तेरा-शून्यचं नऊ-एक झालं, नऊ-एकचं सहा-दोन. हरण्यात प्रगती होती. अशात डिसेंबरमध्ये आइसहाले सांभाळणाऱ्या फ्राऊ विर्ट्झ यांनी होल्गरला बोलावून सांगितलं, की रविवार दुपारची वेळ फेब्रुवारीपासून मुलांच्या आइस डिस्कोला देणार. डिस्कोला दीडशे पोरं येतात, तुमच्याकडे सात माणसं आणि एक ढोल. जानेवारीतल्या सामन्याला शंभर डोकी दिसली तर विचार करू.

शंभर डोकी, तीही रविवारी दुपारी आणि एकाच ठिकाणी, आमच्या भागात फक्त महाराष्ट्र मंडळ जमवू शकतं. आणि तेही खायला असेल तर. नेमकं त्याच रविवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चर्चच्या हॉलमध्ये. तिथला पाइप फुटला आणि हॉल ओला झाला, तेव्हा मंडळाच्या अध्यक्ष नीताताई डोक्याला हात लावून बसल्या. कुंदाताईंनी त्यांना फोन करून सांगितलं, की माझ्याकडे एक हॉल आहे. दोनशे खुर्च्या, कँटीन, पार्किंग फुकट.

नीताताईंनी पत्ता उतरवून घेतला आणि पुन्हा एकदा वाचून पाहिला. मग म्हणाल्या, "कुंदाताई, अहो, बायका नवीन साड्या नेसून बर्फात बसणार?"

"बर्फात नाही," कुंदाताई म्हणाल्या. "बर्फाशेजारी."

निमंत्रणात तापमानाचा उल्लेख नव्हता. आम्ही सगळे गेलो. संक्रांत म्हणून बायका काळ्या साड्यांत, वरून फुगीर जाकिटं, साडीखाली बूट. दाराशी फ्राऊ विर्ट्झ उभ्या होत्या. काळ्या कपड्यांतली एवढी माणसं गंभीर चेहऱ्यानं आत शिरताना पाहून त्यांनी कुंदाताईंना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की कोण गेलं. कुंदाताईंनी उत्तरादाखल त्यांना हळदीकुंकू लावलं आणि हातात वाण दिलं: हिरव्या लोकरीची टोपी, संघाच्या रंगाची. वाण ठरवण्यात कुंदाताईंनी दूरदृष्टी दाखवली होती. पाच मिनिटांत सगळ्या सवाष्णी टोप्या घालून बसल्या. फ्राऊ विर्ट्झनीही घातली, आणि मग डोकी मोजायला गेल्या. शंभराच्या वर भरली.

सामना मोझेलकाठच्या एका विद्यापीठाशी होता. आम्हाला नियम माहीत नव्हते. कुणी पडलं की आम्ही हळहळत होतो आणि तिथे दर मिनिटाला कुणीतरी पडतच होतं. पाहुण्यांनी पहिला गोल केला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या. छानच मारला होता. कुंदाताईंनी मागे वळून असं पाहिलं, की पुढे टाळी वाजवण्याआधी प्रत्येकजण त्यांची परवानगी घेत होता. सिद्धेश मात्र त्या दिवशी वेगळाच खेळला. आपल्या माणसांनी गच्च भरलेलं मैदान त्याला कोल्हापूर सोडल्यापासून मिळालं नव्हतं. तो खाली होत होता, आडवा पडत होता, एकदा तर चकती त्यानं हेल्मेटनं अडवली आणि वर आमच्याकडे बघून हात हलवला. होल्गरनं त्याला खेळाकडे बघायची आठवण करून दिली.

शेवटच्या भागात दोन-दोन असताना हेश्टेंनी तिसरा गोल केला. वर्षात पहिल्यांदाच संघ पुढे होता. हाइन्झ आजोबा रडू लागले. आणि जयंतराव, ज्यांना चकती कधीच दिसली नव्हती, त्यांना या वेळी ती जाळ्यात शिरताना दिसली. ते उठले आणि हातात होता तो तिळाचा लाडू त्यांनी बर्फावर फेकला.

आम्हाला वाटलं तशी पद्धतच असावी. हॉकीत म्हणे टोप्या वगैरे फेकतात, असं कुणीतरी म्हणालंही. मग काय, दोन डबे तिळगूळ काचेवरून बर्फावर गेला. लाडू नीताताईंनी केले होते आणि त्यांचा पाक नेहमी पुढे जातो. चकतीपेक्षा ते जेमतेम मऊ होते. पाहुण्यांचा एक धिप्पाड खेळाडू त्यातल्या एकावर घसरून थेट आपल्याच गोलीच्या मांडीवर जाऊन बसला.

पंच एक तरुण बाई होत्या. त्यांनी शिट्टी वाजवली, एक लाडू उचलून वास घेतला आणि काचेपाशी येऊन हे काय आहे असं विचारलं. कुंदाताई पुढे झाल्या. तीळ आणि गूळ, त्यांनी सांगितलं. आजचा सण आहे, हे खायचं आणि एकमेकांशी गोड बोलायचं. पंचबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं त्या म्हणाल्या, आणि अतिशय गोड आवाजात त्यांनी सांगितलं, की प्रेक्षकांनी वस्तू फेकल्याबद्दल यजमान संघाला दोन मिनिटांची शिक्षा.

मग फावड्यांनी लाडू गोळा झाले. जयंतराव टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. एक खेळाडू कमी असताना सिद्धेशनं चार फटके अडवले. पाचवा त्याच्या काखेतून गेला. तीन-तीन. तिथेच सामना संपला.

हरल्यासारखं वाटून आम्ही पिशव्या आवरू लागलो, पण खाली हेश्टे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. त्या स्पर्धेत बरोबरीला एक गुण मिळतो आणि संघ पुन्हा सुरू झाल्यापासूनचा तो पहिला गुण होता. होल्गर फळ्यावर तो आकडा लिहिण्यासाठी खडू शोधत फिरत होता. दोन्ही संघ हस्तांदोलन करून बाहेर आले, तेव्हा कुंदाताई दारात उरलेला डबा घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक घामेजलेल्या हातावर लाडू आणि प्रत्येकाला 'गोड बोला'. तो धिप्पाड खेळाडू आपला लाडू खाऊन पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला.

रविवारची वेळ हेश्टेंकडेच राहिली. फ्राऊ विर्ट्झनी एक पाटी तेवढी लावली. त्यावर गोल खाद्यपदार्थाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. मंडळातले वीसएक जण अजून जातात. कोलोनहून दोन डॉक्टरेट करणारे येतात, बॉनहून एक कुटुंब येतं. संघ बहुतेक वेळा हरतो, अधूनमधून जिंकतोही.

मार्चमध्ये सेमिस्टरच्या सुट्टीत कादंबरी घरी आली आणि आईवडिलांबरोबर सामन्याला गेली. शाळेच्या पालकसभांमध्ये आई किती हळू बोलते, याची तिला लहानपणी लाज वाटायची. ती तिच्या शेजारी बसली, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं आइसहाले आईच्या आवाजानं दणाणलं. कादंबरी बराच वेळ आईकडे बघत राहिली. मग तिनं जर्मनमध्ये विचारलं, की आई, तुला एवढं ओरडता कधीपासून येतं?

"लग्नाआधीपासून," कुंदाताई मराठीत म्हणाल्या, आणि बर्फावरची नजर न काढता त्यांनी शालीचं एक टोक तिच्या गुडघ्यांवर टाकलं.

 तेवढ्यात मध्यंतर झालं. जयंतराव तिघांसाठी चहा आणायला उठले.